गॅस संपत नाही, गळतो!

मार्चअखेरीस ऊन तापू लागले की घरोघरचे एसी चार-पाच महिन्यांच्या विश्रांतीनंतर सुरू होतात आणि त्यातले काही पूर्वीसारखी खोली गार करत नाहीत. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला मीटर लावतो आणि निदान सांगतो, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ आपण पैसे देतो, खोली गार होते, विषय मिटतो. पुढच्या उन्हाळ्यात पुष्कळ घरांत हेच पुन्हा घडते.

या निदानातला ‘संपला’ हा शब्द चुकीचा आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि वापराने झिजतही नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. खोलीतली उष्णता शोषून त्याची वाफ होते, बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. यंत्र धड असेल तर कारखान्यात भरलेला गॅस त्याच्या आयुष्यभर पुरायला हवा. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे. गळतीची जागा न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे.

हा केवळ शब्दाचा कीस नाही. शीतक वायूंवर, म्हणजे एसी-फ्रिजमधल्या या गॅसवर, जगभरची सरकारे गेली चार दशके कायदे करत आहेत. भारतही त्यात मागे नाही. पण आपले नियम कारखान्याच्या दारात आणि बंदरावर जेवढे कडक आहेत, तेवढे ग्राहकाच्या गॅलरीत टांगलेल्या युनिटपाशी सैल आहेत. वायू कोणी किती बनवायचा आणि आणायचा, यावर कोटा आहे. तो हवेत सोडून देण्यावर मात व्यवहारात कोणाचेच लक्ष नाही. त्यामुळे नियमांचा खर्च ग्राहकापर्यंत पोहोचतो आणि त्यांचा लाभ वाटेतच गळून जातो. एसीच्या गॅसवरील सरकारी नियंत्रणाबद्दल माझी तक्रार ते जास्त आहे अशी नाही. ते अर्ध्या वाटेवर थांबते, अशी आहे.

नियम कशासाठी आले?

१९२०च्या दशकातल्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरलेले असे. हे वायू विषारी. रात्री घरात गळती झाली आणि माणसे दगावली, असे प्रकार अमेरिकेत घडले. त्यावर उपाय म्हणून थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हा नवा वायू पुढे आणला. १९३० मध्ये शास्त्रज्ञांच्या भर सभेत मिजली यांनी तो छातीभर ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. वायू विषारीही नाही आणि पेटतही नाही, हे एका श्वासात सिद्ध झाले. घरातला फ्रिज आणि एसी निर्धोक झाला तो या शोधामुळे.

पण जो वायू जमिनीवर कशाशीच अभिक्रिया करत नाही, तो नाहीसाही होत नाही. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले, की हा वायू हळूहळू वर जातो, तिथे अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातून सुटलेले क्लोरीन ओझोनचा नाश करते. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची नोंद प्रसिद्ध केली. ओझोनचा थर विरळ होणे म्हणजे त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढणे. म्हणजे हा मुळात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होता. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २००० मध्ये ओझोनला घातक पदार्थांच्या नियंत्रणाचे नियम आले.

हा करार यशस्वी झाला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या आढाव्यानुसार, सध्याची धोरणे टिकली तर बहुतेक जगावरचा ओझोनचा थर २०४०च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. अंटार्क्टिकावर त्याला २०६६ पर्यंत वेळ लागेल. सरकारी नियमांनी काही साधत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

सीएफसीची जागा आधी आर-२२ सारख्या वायूंनी घेतली. आपल्याकडे वर्षानुवर्षे खिडकीतल्या आणि स्प्लिट एसीत हाच वायू असे. तो ओझोनचे नुकसान कमी करतो, पण करतोच. म्हणून त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतासाठी २०२५ चा टप्पा ६७.५ टक्के कपातीचा आहे, २०३० मध्ये वापर थांबवायचा आहे आणि त्यानंतर २०४० पर्यंत केवळ जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अगदी थोडा साठा मिळेल. नव्या यंत्रांच्या उत्पादनात आर-२२ सारखे वायू वापरणे २०२४ च्या अखेरीस बंद झाले.

मग आले आर-४१०ए आणि आर-३२. यांच्यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण हे वायू उष्णता अडवतात. एक किलो कार्बन डायऑक्साइड शंभर वर्षांत जेवढी उष्णता अडवतो, तिच्या आर-२२ सुमारे १८१० पट, आर-४१०ए २०८८ पट आणि आर-३२ ६७५ पट अडवतो. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपल्याला सवलतीची मुदत मिळाली आहे. या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा, २०३२ पासून दहा टक्क्यांनी घटवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात गाठायची. ज्या पातळीपासून ही कपात मोजायची, ती २०२४ ते २०२६ या तीन वर्षांच्या वापरावर आधारलेली आहे.

दुकानातले दर, दुरुस्तीचे दर

ग्राहकाचा पहिला प्रश्न स्वाभाविक आहे. या सगळ्यामुळे एसी महाग होतो का?

नव्या एसीच्या बाबतीत उत्तर आहे, थोडाफार होऊ शकतो. पण किमतीवर परिणाम करणाऱ्या अनेक गोष्टींपैकी गॅस ही एक. तांब्याचा भाव, कराचा दर आणि विजेच्या बचतीचे मानांकन यांचाही त्यात वाटा असतो. एसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या एका निर्णयाने ग्राहकाच्या खिशावर झालेला परिणाम उघड दिसला. शिवाय नवा गॅस आणि अधिक कार्यक्षम यंत्र या गोष्टी बहुधा जोडीने येतात. एसीच्या स्टार लेबलवर वर्षात १६०० तास वापर धरून किती युनिट वीज लागेल, हा आकडा छापलेला असतो. दोन एसींच्या या आकड्यांत २०० युनिटांचा फरक असेल आणि युनिटला दहा रुपये पडत असतील, तर वर्षाला दोन हजार रुपये वाचतात. दहा वर्षांत तो फरक यंत्राच्या किमतीतल्या फरकापेक्षा मोठा होऊ शकतो.

जुन्या एसीचे गणित वेगळे आहे. आर-२२ चा पुरवठा कायद्यानेच घटतो आहे आणि पुरवठा घटला की भाव चढतो. जुना एसी असतो कोणाकडे? भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाकडे, सेकंड-हँड यंत्र घेतलेल्या सलूनवाल्याकडे, तालुक्याच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात. म्हणजे जागतिक नियमाचा भार सर्वांत आधी पडतो तो नवे यंत्र घेणे ज्याला परवडत नाही त्याच्यावर. ही बाजू नियम करणाऱ्यांच्या चर्चेत फारशी येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमच्या घरातला आर-२२ वा आर-४१०ए चा एसी बेकायदा झालेला नाही. तो वापरायला आणि दुरुस्त करायला कोणतीही बंदी नाही. ‘हा गॅस आता बंद झाला, नवीनच एसी घ्या,’ असे कोणी सांगत असेल, तर तो कायदा सांगत नसून माल विकत आहे.

पर्याय तयार नसताना नियम आला तर काय होते, हे अमेरिकेत दिसले. तिथे १ जानेवारी २०२५ पासून घरगुती वापराच्या नव्या यंत्रांसाठी ७०० पटींपेक्षा अधिक तापमानवाढ क्षमता असलेले वायू बंद झाले. अनेक कंपन्या आर-४५४बी या मिश्रणाकडे वळल्या. पण ऐन उन्हाळ्यात त्या वायूच्या सिलिंडरचा तुटवडा झाला आणि भाव भडकले. नियमाचा हेतू चांगला होता, तारीखही आधी जाहीर होती. कमी पडली ती पुरवठ्याची तयारी, आणि ताटकळले ते ग्राहक.

दम्याच्या पंपाचा धडा

याहून बोचरे उदाहरण आरोग्यक्षेत्रातले आहे. दम्याच्या रुग्णांच्या पंपात औषध बाहेर ढकलण्यासाठी पूर्वी सीएफसीच वापरला जाई. मॉन्ट्रियल करारानुसार तोही बदलायचा होता. अमेरिकेत २००८ च्या अखेरीस सीएफसी असलेले साल्ब्युटामॉलचे पंप बाजारातून गेले. औषध तेच, दशकानुदशके वापरातले आणि स्वस्त. पण नव्या वायूवर चालणाऱ्या पंपांना नवी पेटंट मिळाली होती. त्यामुळे स्वस्त जेनेरिक पंप नाहीसे झाले आणि रुग्णांना त्याच औषधासाठी काही पटींनी अधिक पैसे मोजावे लागले. ओझोनच्या रक्षणासाठीची किंमत दम्याच्या रुग्णाने भरली आणि ती कमाई पेटंटधारकांकडे गेली.

एसीच्या गॅसबाबतही म्हणून विचारायला हवे, की नव्या वायूची मालकी कोणाकडे आहे. एचएफओ नावाच्या नव्या पिढीतल्या वायूंची बरीच पेटंट मोजक्या परदेशी रसायन कंपन्यांकडे आहेत. आर-३२ हा मात्र जुना, साधा रेणू आहे. तो एसीत वापरण्याच्या तंत्राची अनेक पेटंट जपानच्या डायकिन कंपनीने इतरांना विनामूल्य वापरू दिली. आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. त्याच्या रेणूवर कोणाची मालकी असणार? कोणता वायू स्वीकारायचा हा निर्णय सरकार आणि उद्योग घेतात, तेव्हा तापमानवाढीचा आकडा जितका पाहायला हवा तितकाच हा प्रश्नही विचारायला हवा. ग्राहकाचे पुढच्या पंधरा वर्षांतले दुरुस्तीचे बिल त्याच निर्णयावर ठरते.

पेटणारा गॅस घरात?

नव्या वायूंबद्दल लोकांच्या मनात एक रास्त भीती आहे. आर-२२ आणि आर-४१०ए पेटत नाहीत. आर-३२ मंद ज्वलनशील आहे. आर-२९० तर स्वयंपाकाच्या गॅसइतकाच ज्वलनशील. पर्यावरणासाठी घरात आग आणायची का?

प्रमाण पाहिले तर भीती आटोक्यात येते. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो, आणि एलपीजी म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचेच मिश्रण. घरगुती एसीत आर-२९० असतो तो काही शे ग्रॅम. आपल्याकडच्या नव्या घरगुती फ्रिजमध्येही बऱ्याचदा आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायूच असतो आणि आपण त्याच्या शेजारी निश्चिंत झोपतो. आर-२९० वरचे एसी भारतात २०१२ पासून विकले जात आहेत. गोदरेजने सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात जर्मनीच्या सहकार्याने ते बनवायला सुरुवात केली. या वायूची तापमानवाढ क्षमता दोन आकडीही नाही. युरोपने पुढच्या दशकात छोट्या स्प्लिट एसींतून फ्लोरीनयुक्त वायू हद्दपार करायचे ठरवले आहे. त्यामुळे उद्या आर-३२ देखील मुक्काम नव्हे, वाटेवरचा थांबा ठरणार.

धोका वायूत कमी आणि हाताळणीत अधिक आहे. आर-२२ वर शिकलेल्या मेकॅनिकला यंत्रात उरलेला गॅस सोडून देऊन लगेच नळीला ज्योत लावायची सवय असते. न पेटणाऱ्या वायूत ती सवय खपून जाई. आर-३२ किंवा आर-२९० मध्ये ती जीवघेणी ठरू शकते. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे जुन्या यंत्रात नवा गॅस ‘चालवून’ घेणेही धोक्याचे. गळती तपासायला नायट्रोजन वापरायचा असतो. त्याऐवजी हाताशी असलेला ऑक्सिजन भरला तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या छज्जावर, दोरीशिवाय, रोजंदारीवर हे काम करणाऱ्या तरुणाला यातले कोणी काय शिकवले आहे? ग्राहकाच्या सुरक्षिततेआधी त्याच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो.

आणि एक दुष्टचक्र. वायू दुर्मीळ आणि महाग झाला की भेसळ सुरू होते. २०११ मध्ये बर्फगार मालवाहू कंटेनरांच्या कॉम्प्रेसरचे स्फोट होऊन तीन माणसे दगावली. दुरुस्तीच्या वेळी आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये स्वस्त मिथाइल क्लोराइड मिसळलेले होते. त्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवेशी संपर्क येताच पेट घेणारे संयुग तयार झाले होते. ज्या विषारी वायूला पर्याय म्हणून मिजली यांनी सीएफसी आणला, तोच ऐंशी वर्षांनी मागच्या दाराने परत आला. निर्बंध आले आणि देखरेख आली नाही, की असे होते.

नियम पोहोचत नाही ती जागा

आता पुन्हा गळतीकडे. दीड टनाच्या जुन्या एसीत साधारण एक किलो आर-२२ असतो असे धरू. तो सगळा हवेत गेला तर तापमानवाढीच्या दृष्टीने सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हे जवळपास ७८० लिटर पेट्रोल झाले. लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार तेवढ्यात मुंबई ते नागपूर सात वेळा जाऊन येईल. इतका परिणाम मेकॅनिकने व्हॉल्व्ह सैल करून ‘फुस्स’ केल्यावर अर्ध्या मिनिटात होतो. तोही एका घरात.

देशात शीतक वायूंचा जो वापर होतो, त्यातला सुमारे ४० टक्के नव्या यंत्रांत जात नाही, तो दुरुस्तीत जातो. म्हणजे गळून गेलेल्याची भरपाई करण्यात. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये भारताचा शीतलन कृती आराखडा जाहीर केला. तोवर देशातल्या सुमारे आठ टक्के घरांतच एसी होता आणि २०३७-३८ पर्यंत तो ४० टक्के घरांत असेल, असा अंदाज त्यात होता. एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्टही त्यात होते. दिशा योग्य होती. पण प्रशिक्षण ऐच्छिक राहिले. आजही एसी दुरुस्त करायला किंवा गॅसचा डबा विकत घ्यायला आपल्याकडे सक्तीचे प्रमाणपत्र लागत नाही. अमेरिकेत यंत्रातला असा वायू जाणूनबुजून हवेत सोडणे १९९२ पासून बेकायदा आहे. ओझोनला घातक वायू विकत घेण्यासाठी तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र तिथे १९९०च्या दशकातच सक्तीचे झाले आणि पुढे नव्या वायूंनाही ते लागू झाले.

यावर आक्षेप येतो, की आपल्यासारख्या देशात प्रमाणपत्राची सक्ती म्हणजे आणखी एक लायसन्स-राज. गरीब मेकॅनिकच्या पोटावर पाय आणि कार्यालयातल्या टेबलाखालून नवा हप्ता. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. शिवाय ऐतिहासिक जबाबदारीचा मुद्दा आहेच. अमेरिका-युरोपने अनेक दशके थंड हवा खाल्ली; आता आपल्या घरात एसी येऊ लागला तर नियम? उकाड्यात झोप न मिळणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी, बाळंतिणीसाठी गारवा ही आता चैन राहिलेली नाही.

हे सगळे मान्य. पण गळती थांबवणे म्हणजे गारवा नाकारणे नव्हे. उलट, गॅस कमी असलेला एसी जास्त वेळ चालतो, जास्त वीज खातो, कमी गार करतो आणि कॉम्प्रेसर लवकर निकामी करतो. किगालीचे वेळापत्रक आपल्याला सवलत देते, पण आपल्या ग्राहकाने दरवर्षी काही हजार रुपये हवेत सोडावेत, असे कोणत्याही करारात लिहिलेले नाही. इथे पृथ्वीचे हित आणि घरखर्चाचे हित एकच आहे. असा योग धोरणांत फार क्वचित येतो.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट, प्रमाणपत्र विक्रीशी जोडावे, पण शिकवणी मोफत आणि मेकॅनिकच्या सोयीच्या वेळी, त्याच्याच भाषेत. दोन-तीन वर्षांची मुदत द्यावी. पावसाळ्यात काम मंदावते तेव्हा आयटीआयमध्ये हे वर्ग सहज घेता येतील. अनुभवी मेकॅनिकला पदवी नको आहे. त्याला व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि गॅस परत गोळा करण्याचे यंत्र परवडायला हवे. त्यासाठी स्वस्त कर्ज किंवा अनुदान दिले तर सक्ती जाचक वाटणार नाही.

दुसरी, गॅस भरल्याच्या बिलावर तीन नोंदी बंधनकारक कराव्यात. गळती कुठे सापडली, कोणता गॅस भरला, किती ग्रॅम भरला. ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागता येते. पण नुसते ‘गॅस चार्जिंग’ एवढेच लिहिलेल्या बिलावर कोणती त्रुटी सिद्ध करणार?

तिसरी, जुन्या एसीतला गॅस वाचवावा. आज एसी भंगारात गेला की तांब्यासाठी नळी कापली जाते आणि गॅस हवेत जातो. ‘जुना द्या, नवा घ्या’ योजनेत जुना एसी उचलणाऱ्या कंपनीवर तो गॅस काढून घेण्याची जबाबदारी टाकावी आणि त्याला भाव द्यावा. शुद्ध केलेला हाच आर-२२ सलूनवाल्याच्या आणि छोट्या दवाखान्याच्या जुन्या यंत्राला पुरवता येईल. नवे उत्पादन न वाढवता भाव ताब्यात ठेवण्याचा हाच मार्ग आहे.

चौथी, हमीची भाषा बदलावी. कॉम्प्रेसरवरची दहा वर्षांची हमी जाहिरातीत ठळक असते. कॉईल आणि गॅसगळती त्यात आहे की नाही, हे अनेकदा बारीक अक्षरांत शोधावे लागते. खाऱ्या वाऱ्यात, खाडीच्या किंवा उघड्या नाल्याच्या काठी कॉईल लवकर गंजते, हे कंपन्यांना ठाऊक आहे. मुंबईपासून कोकण-गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर यंत्र विकताना गळतीची हमी वेगळी नोंदवणे सक्तीचे असावे.

सरकार हे करेपर्यंत ग्राहकाच्या हातातही काही गोष्टी आहेत. थंडावा कमी झाला म्हणजे गॅसच कमी, असे नव्हे. धूळ बसलेली जाळी, मळलेले बाहेरचे युनिट, बिघडलेला कपॅसिटर हीही कारणे असतात; आधी ती तपासून घ्यावीत. गॅस खरोखर कमी असेल तर ‘गळती कुठे आहे?’ हा प्रश्न विचारावा आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय गॅस भरू देऊ नये. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली का, हे पाहावे. गॅसचे नाव आणि वजन बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेले असते. तोच गॅस, काट्यावर मोजून भरून घ्यावा आणि आकडा बिलावर लिहून मागावा. याला तासभर अधिक लागेल, मजुरी थोडी जास्त पडेल. ती द्यावी. चांगल्या कामाचे पैसे न देणारा ग्राहक आणि झटपट काम उरकणारा मेकॅनिक हे एकमेकांना घडवत असतात.

आज ज्या घरांत एसी नाही, त्यांतली कोट्यवधी घरे येत्या वीस वर्षांत तो घेतील. त्यांच्या यंत्रांत कोणता वायू असेल, हे कारखान्यावरचे नियम ठरवतील. तो यंत्रातच राहील की हवेत जाईल, हे मात्र पाना हातात घेतलेला मेकॅनिक ठरवेल. त्याच्या प्रशिक्षणावर खर्च केलेला रुपया आंतरराष्ट्रीय परिषदेत दिलेल्या कोणत्याही वचनापेक्षा अधिक गॅस वाचवेल.